मिनिटाला तास ठाऊक नसतो

सकाळचे दहा वाजून एकोणसाठ मिनिटं झाली आहेत. संगणकाच्या पडद्यावर एक साधं आकडी घड्याळ आहे. डावीकडे 10, मधे उभी दोन टिंबं, उजवीकडे 59. आणखी एक मिनिट सरतं. उजवा आकडा शून्यावर येतो आणि डावीकडे 11 उमटतात. डेव्हिड बार्न्स आणि मायकेल कोलिंग यांच्या जावा शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकातलं हे घड्याळ जगभरच्या नवशिक्यांनी गिरवलं आहे. त्याच्या प्रोग्रॅममध्ये तीन ऑब्जेक्ट, म्हणजे आपापली माहिती आणि काम सांभाळणारे घटक, असतात. दोन नुसते आकडे दाखवणारे आणि तिसरं स्वतः घड्याळ. दोन्ही आकडे एकाच क्लासचे, म्हणजे एकाच साच्यातून निघालेले. एकाची मर्यादा 60, दुसऱ्याची 24. एकाने वाढायचं आणि मर्यादा गाठली की शून्यावर यायचं, एवढंच त्यांना कळतं.

मिनिटाला तास ठाऊक नसतो. तासालाही मिनिटाची गंधवार्ता नसते. मिनिट शून्यावर आलं का, हे घड्याळ त्याला विचारतं. आलं असेल, तर तासाला वाढायला सांगतं. साठ मिनिटांचा एक तास हे शाळेत पाठ केलेलं नातं त्या दोघांपैकी कोणाकडेच नसतं.

मग ते कुठे असतं? वर्गात या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं: घड्याळाच्या मेथडमध्ये, म्हणजे त्याच्यासाठी लिहिलेल्या कृतीत, अमुक ओळीवर. उत्तर बरोबर आहे. पण हाच प्रश्न भारतीय दर्शनांत दीड-दोन हजार वर्षं गाजला आहे आणि त्यावरून पंथांचे पंथ एकमेकांसमोर उभे ठाकले आहेत. दोन वस्तूंमधलं नातं ही खरोखर काही चीज आहे का? की जगात फक्त वस्तू आहेत आणि नातं म्हणजे आपल्या बोलण्याची सोय?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला मिनँडर, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आला आहे असं कळल्यावर नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय? आस म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. हे सगळं एकत्र केलं की रथ? तेही नाही. हे सगळं वगळून उरतं ते? तेही नाही. शेवटी राजा कबूल करतो की या सुट्या भागांच्या आधाराने चालणारं ते एक नाव आहे. माणसाचंही तसंच, असं नागसेनाला सुचवायचं असतं. आत शोधलं तर ‘मी’ नावाचा वेगळा कोणी सापडत नाही.

न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांच्या मते अवयव वेगळे आणि अवयवी, म्हणजे त्यांतून उभा राहणारा अखंड पदार्थ, वेगळा. त्यांची एक हरकत फार रोकडी आहे. वस्तूचा एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू मागोमाग येते. नुसत्या ढिगाचं तसं होत नाही. तेव्हा भागांपलीकडे काहीतरी एक आहेच.

घड्याळाचा प्रोग्रॅम या वादात नैयायिकांच्या बाजूचा आहे. त्यात घड्याळ हा स्वतंत्र ऑब्जेक्ट असतो. त्याला स्वतःची जागा असते, आणि ‘एक मिनिट पुढे जा’ ही आज्ञा त्यालाच देता येते, आकड्यांना नाही. नागसेन तिथे आला असता तर तास दाखवून ‘हे घड्याळ का?’ असं त्याने विचारलं असतं, आणि प्रोग्रॅमरने ‘नाही, घड्याळ इकडे आहे’ म्हणून तिसऱ्याकडे बोट दाखवलं असतं. अर्थात नागसेन तेवढ्यावर थांबला नसता. त्या तिसऱ्याच्या आत काय आहे, हे त्याने विचारलं असतं. तिथे पडद्यावर दाखवायची एक अक्षरओळ असते, आणि बाकी दोघांचे पत्ते.

नैयायिकांच्या जोडीच्या वैशेषिकांनी नात्याचे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे केले. पहिला संयोग. टेबलावर पुस्तक ठेवलं, उचललं. दोघांनाही काही झालं नाही. संयोगाला त्यांनी चोवीस गुणांमध्ये बसवलं. दुसरा समवाय. कापड आणि धागे, फूल आणि त्याचा रंग, जात आणि व्यक्ती, अशा जोड्यांमधलं न सुटणारं नातं. समवायाला तर त्यांनी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष यांच्या पंगतीत स्वतंत्र पदार्थाचा पाट दिला. ही मांडणी अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या सतराव्या शतकातल्या लहानशा पोथीतून पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टिपांसह आणि महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेसह तिची आवृत्ती 1897 मध्ये मुंबईत निघाली. ती आजही अभ्यासक उघडतात.

प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या आकृत्यांतही दोन चौकटींना जोडणाऱ्या रेघेच्या टोकाला दोन प्रकारचे हिरे काढतात, एक पोकळ आणि एक भरीव. पोकळ हिरा म्हणजे सुटं नातं: ग्रंथालय आणि वाचक. ग्रंथालय बंद पडलं तरी वाचक उरतो. भरीव हिरा म्हणजे अतूट नातं: घड्याळ गेलं की त्याचे दोन आकडेही गेले. संयोग आणि समवाय, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह इथे होतो. पण जरा थांबून पाहावं, कारण बाण उलटा आहे. नैयायिकांच्या लेखी धागे आधी आणि कापड नंतर. कापड धाग्यांमध्ये राहतं. कापड फाटलं तरी धागे उरतात. संपूर्ण हे अंशाच्या आधाराने जगतं. घड्याळाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र घड्याळ जन्माला येतानाच आपले दोन आकडे निर्माण करतं. इथे अंश हे संपूर्णाच्या मालकीचे आहेत. एकाला कापड विणणारा विणकर दिसतो आहे, दुसऱ्याला सामान बाळगणारा मालक. नात्याचं नाव एकच ठेवलं, तरी त्यामागचं जगाचं चित्र किती बदलतं ते या उलट्या बाणात दिसतं.

आता नवशिक्या विद्यार्थ्याला हमखास अडवणारं उदाहरण. एका गावची विवाहनोंदणी संगणकावर आणायची आहे. वर हा एक ऑब्जेक्ट, वधू हा दुसरा. लग्नाची तारीख कोणाकडे ठेवायची? वराकडे ठेवली तर वधूला ती त्याला विचारावी लागेल. दोघांकडे ठेवली, तर एकाकडची दुरुस्त होईल आणि दुसरीकडची चुकीचीच राहील. हळूहळू विद्यार्थ्याच्या लक्षात येतं की तारीख ना त्याची आहे ना तिची. ती लग्नाची आहे. मग तो ‘विवाह’ नावाचा तिसरा ऑब्जेक्ट तयार करतो आणि तारीख, ठिकाण, नोंदणी क्रमांक त्यात ठेवतो. विद्यार्थी, विषय आणि गुण यांचंही तेच. गणितातले 67 गुण हे मुलाचे नाहीत, गणिताचेही नाहीत. त्या मुलाने तो विषय घेतला, या घटनेचे आहेत. नातं असं स्वतःच्या पायावर उभं राहिलं की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो पाहण्यासारखा असतो.

पण याच क्षणाला शंकराचार्यांची हरकत लागू होते. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादात तेराव्या सूत्रावरच्या भाष्यात ते समवायाला घेरतात. धागे आणि कापड वेगळे, म्हणून त्यांना जोडायला समवाय हवा, असं तुम्ही म्हणता. मग समवायही त्या दोघांहून वेगळाच ना? त्याला त्यांच्याशी कोण जोडणार? दुसरा समवाय? आणि त्याला? याला अनवस्था म्हणतात, कुठेच न थांबणारी घसरण. इंग्लंडमध्ये एफ. एच. ब्रॅडली या तत्त्वज्ञाने 1893 साली आपल्या ‘अपिअरन्स अँड रिॲलिटी’ या ग्रंथात जवळजवळ हाच पेच मांडला आणि नाती अंतिमतः खरी नाहीत असा निष्कर्ष काढला. विवाह हा तिसरा ऑब्जेक्ट झाला. आता विवाह आणि वधू यांच्यामधलं नातं कुठे ठेवायचं? त्यासाठी चौथा ऑब्जेक्ट करावा का?

प्रोग्रॅमर चौथा ऑब्जेक्ट करत नाही. तो विवाहाच्या पोटात वधूचा रेफरन्स, म्हणजे तिचा पत्ता ठेवतो आणि थांबतो. पत्ता हा प्रोग्रॅमच्या जगातला आणखी एक नागरिक नाही. त्याला स्वतःच्या मेथड नाहीत, त्याला काही विचारता येत नाही. तो नुसता दाखवतो. नैयायिकांनीही अनवस्थेला असंच उत्तर दिलं होतं. समवाय आपल्या दोन टोकांना स्वतःच्या स्वरूपानेच जोडलेला असतो, त्याला आणखी दुवा लागत नाही. पुढच्या काळातल्या नव्यन्यायात तर स्वरूपसंबंध ही मोठीच कल्पना झाली. अद्वैत्याला हे उत्तर म्हणजे पळवाट वाटते. ही पळवाट की तोडगा, हे वाद घालून ठरलं नाही. पण संगणकाच्या स्मृतीत रोज कोट्यवधी पत्ते याच तत्त्वावर नांदतात, हे नैयायिकांच्या पारड्यात पडायला हवं.

नव्यन्यायाने आणखी एक बारकावा पकडला होता. कोणत्याही नात्याची दोन टोकं सारखी नसतात. जमिनीवर घडा आहे, या संयोगात घडा हा प्रतियोगी आणि जमीन ही अनुयोगी. नात्याला दिशा असते. रेफरन्सलाही दिशा असते, आणि इथेच पुष्कळ जण ठेचाळतात. घड्याळ मिनिटाला ओळखतं. मिनिट घड्याळाला ओळखत नाही. ‘ओळखणं’ हेच क्रियापद प्रोग्रॅमर वापरतात, आणि ते अचूक आहे. मुंबईच्या लोकलमध्ये रोज दिसणारा चेहरा आपण ओळखतो, तो आपल्याला ओळखेलच असं नाही.

नव्यन्यायाची ही परिभाषा इंग्रजी वाचकापुढे नीट मांडणारं पुस्तक हार्वर्डचे संस्कृत प्राध्यापक डॅनिएल इंगॉल्स यांनी 1951 मध्ये लिहिलं. त्यासाठी ते कलकत्त्यात पंडित कालीपद तर्काचार्यांकडे शिकले होते. मराठी मुलखाशीही त्यांचा संबंध होता. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी आणि पुण्याचे वा. वि. गोखले यांनी संपादित केलेला विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ 1957 मध्ये हार्वर्डच्या मालेत निघाला आणि इंगॉल्स यांनी 1965 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला. ‘ध्वन्यालोका’च्या 1990 सालच्या अनुवादातही मा. वि. पटवर्धन हे त्यांचे सहकारी होते.

याच इंगॉल्स यांचे चिरंजीव, त्यांचंही नाव डॅनिएल, सगळे त्यांना डॅन म्हणतात, कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात संगणकतज्ज्ञ होते. ॲलन के यांनी कल्पिलेली स्मॉलटॉक ही भाषा प्रत्यक्षात चालती केली ती मुख्यतः डॅन यांनी. न्यायशास्त्रातून स्मॉलटॉक निघाली असं यावरून म्हणणं ओढूनताणून होईल. के यांनी स्वतः आपली उगमस्थानं सांगितली आहेत: जीवशास्त्रातल्या पेशी, इव्हान सदरलंड यांचा 1963 चा स्केचपॅड, आणि नॉर्वेतल्या ओले-योहान डाल व क्रिस्टेन निगार्ड यांची सिम्युला ही भाषा. लायबनिझच्या चिद्बिंदूंशी आपल्या ऑब्जेक्टचं साम्य आहे, हेही त्यांनी नोंदवलं आहे. तरी एकाच घरात बाप नात्याच्या दोन टोकांचा विचार करत होता आणि मुलगा त्या टोकांमध्ये निरोप फिरवत होता, हे कळल्यावर क्षणभर थांबावंसं वाटतं. स्मॉलटॉक हे नावही के यांनी मुद्दाम साधं, गप्पांच्या अर्थाचं निवडलं. त्या काळी झ्यूस, ओडिन, थॉर अशा देवांची नावं मिरवणाऱ्या प्रणाल्या फारसं काहीच करत नसत, हे त्यांनी पाहिलं होतं.

ऑक्टोबर 1972 मध्ये त्या भाषेने पहिलं गणित सोडवलं, तेही अगदी सावकाश: 3 + 4. बहुतेक भाषांत संगणक दोन आकडे घेऊन त्यांची बेरीज करतो. स्मॉलटॉकमध्ये 3 हा ऑब्जेक्ट आहे, आणि त्याला निरोप जातो: चार मिळव. बेरीज 3 करतो.

जावासारख्या भाषेत हाच मेथड कॉल: टिंबाच्या अलीकडे ऑब्जेक्ट, पलीकडे काम. आता प्रश्न येतो तो कर्त्याचा. आपल्या व्याकरणग्रंथाच्या पहिल्या अध्यायातल्या चौथ्या पादात कारकांची, म्हणजे क्रियेतल्या भूमिकांची, व्याख्या करताना पाणिनीने कर्ता कोणाला म्हणावं ते सांगितलं आहे: क्रियेत जो स्वतंत्र आहे तो. लगेच पुढच्या सूत्रात, त्या स्वतंत्राला जो प्रवृत्त करतो त्यालाही त्याने कर्ता म्हटलं आहे. मराठी शाळेत हे प्रयोजक क्रियापद म्हणून येतं. मूल जेवतं, आई मुलाला जेववते. जेवणारा एक, जेववणारी दुसरी, क्रिया एकच. मेथड कॉल हे सारं प्रयोजकाचं राज्य आहे. घड्याळ मिनिटाला वाढवतं. वाढतं मात्र मिनिटच, आणि कसं वाढायचं, कुठे शून्यावर यायचं, हे ते स्वतः ठरवतं. सांगणारा त्यात हात घालत नाही. मराठी मुलाला हे व्याकरण आईच्या बोलण्यातून आधीच येत असतं. शिकवणाऱ्याने त्याचा उपयोग का करून घेऊ नये?

उपयोग केला, तर एक खोटही उघडी पडते. पाठ्यपुस्तकांत बँकेच्या खात्याचं उदाहरण ठरलेलं असतं: खाते.काढ(500). मराठीत वाचलं की ते खटकतं. खातं पैसे काढत नाही, खातेदार काढतो, खात्यातून. पाणिनीच्या भाषेत खातं हे अपादान, म्हणजे ज्यापासून काही दूर जातं ते. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण या सहा भूमिकांपैकी कोणतीही असो, ज्याच्याकडे माहिती त्याला टिंबाच्या अलीकडे बसवायचं, असा या पद्धतीचा रिवाज आहे. विद्यार्थी गोंधळतात, त्यात त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. ‘काढ’ऐवजी ‘वजा कर’ म्हटलं की खातं पुन्हा आपल्या कामाचा स्वतंत्र कर्ता होतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत आणि केवळ स्वतःला कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असं म्हटलं आहे. एका मेथड कॉलमागे किती जण असतात ते पाहिलं की या विचाराची आठवण होते. सांगणारा, ऐकणारा, सोबत दिलेली सामग्री आणि ज्या क्लासमध्ये कृती लिहिली आहे तो क्लास. कारण कृती ऑब्जेक्टकडे नसतेच. हजार घड्याळं केली तरी मेथडची प्रत एकच असते, ती क्लासकडे. व्यक्तीकडे फक्त तिची स्थिती. निगार्ड आणि डाल यांना क्लासवर क्लास रचायची कल्पना सुचली ती पुलावरच्या पथकर नाक्याच्या उदाहरणातून. रांगेत ट्रक आणि बस दोन्ही आहेत. रांग सगळ्यांना वाहन म्हणूनच ओळखते. ट्रकचं ट्रकपण आणि बसचं बसपण ज्याचं त्याच्यापाशी.

आणि टिंबाच्या अलीकडे कोणीच नसेल तर?

संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 मध्ये अल्गॉल डब्ल्यू भाषेत नल, म्हणजे ‘कोणाचाच नाही’ असा पत्ता आणला, आणि 2009 मध्ये लंडनच्या एका परिषदेत ती आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. आज्ञा सुटते, ऐकायला कोणी नसतं, प्रोग्रॅम कोसळतो. वैशेषिक परंपरेने अभावाला सातवा पदार्थ मानलं होतं, पण एका कडक अटीवर. नुसता अभाव नसतोच. अभाव नेहमी कशाचा तरी असतो, घड्याचा, कापडाचा. ज्याचा असतो तो त्याचा प्रतियोगी. नलमध्ये प्रतियोगी हरवलेला आहे. समोर काही नाही एवढंच तो सांगतो. काय नाही, ते सांगत नाही. 2014 मध्ये जावाने ऑप्शनल आणलं, त्यात ‘विद्यार्थी असेल किंवा नसेल’ असं लिहावं लागतं, म्हणजे अभावाला त्याचा प्रतियोगी परत मिळाला. स्मॉलटॉकमध्ये तर निल हा रीतसर एका क्लासचा ऑब्जेक्ट आहे. त्याला न कळणारा निरोप पाठवला की ‘मला हे समजत नाही’ असं उत्तर येतं. अभावाला पदार्थ मानणाऱ्यांना हे फार आवडलं असतं.

1998 साली एका ईमेलमध्ये ॲलन के यांनी खंत व्यक्त केली, की ‘ऑब्जेक्ट’ हा शब्द आपण रूढ केला आणि लोकांचं लक्ष गौण गोष्टीवर खिळलं. मोठी कल्पना होती ती निरोपांची. मधल्या जागेसाठी जपानी भाषेत ‘मा’ हा शब्द आहे, याची त्यांनी तिथे आठवण करून दिली. त्यांची खंत खरी आहे. आजही पहिल्या तासाला कुत्रा हा प्राणी आहे, वर्तुळ हा आकार आहे अशी जातींची उतरंड शिकवली जाते, आणि कोण कोणाला ओळखतं, कोण कोणाला काय सांगू शकतं, हे पार शेवटी येतं. नामं आधी पाठ होतात, विभक्ती राहून जाते.

याची उलट वाट 1989 मध्ये दोन प्रोग्रॅमरांनी दाखवली: केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम. त्यांनी संगणक बाजूला ठेवून चार इंच बाय सहा इंचाची कोरी कार्डं वाटली. एका कार्डावर एका क्लासचं नाव, त्याची जबाबदारी, आणि कोणाच्या मदतीने ती पार पाडायची त्यांची नावं. ज्यांचा एकमेकांशी जास्त संबंध ती कार्डं टेबलावर जवळजवळ ठेवायची. मग एखादा प्रसंग घ्यायचा, आणि ज्याचं काम आलं ते कार्ड उचलून त्याच्या वतीने बोलायचं. माणसं दोन्ही हातांत एकेक कार्ड घेऊन, ती हलवत, जणू आपणच ते ऑब्जेक्ट आहोत अशा तन्मयतेने बोलू लागतात, असं त्यांनी नोंदवलं आहे. एका हातात मिनिट, दुसऱ्या हातात तास, एकोणसाठनंतर डावा हात थांबलेला, उजवा शून्यावर आलेला. आणि दोन्ही हात ज्याचे आहेत तो मान वळवून एकाकडून दुसऱ्याकडे पाहतो आणि सांगतो, वाढ.